पालक लोहासाठी खाताय? मग त्यात खरे काय आहे ते पाहू

हिरवापाला (म्हापसा)

रक्त कमी असल्याचा अहवाल हातात पडला की घरात पहिले वाक्य ठरलेले असते: "पालक खा." मी आहारसल्ल्याचे काम करते. गोव्यातल्या बार्देश तालुक्यात जवळजवळ प्रत्येक घरात हे ऐकू येते, आणि त्यामागची माया खरी असते. पण तीन-चार महिने भक्तिभावाने पालक खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा बाई खचते. "माझ्या अंगालाच लागत नाही" असे म्हणू लागते. दोष तिच्या अंगाचा नसतो. अपेक्षाच चुकीच्या ठिकाणी ठेवलेली असते.

पालक फार गुणाची भाजी आहे, पण आपण जिच्यासाठी तो खातो ती लोहाची बाजू त्याची सगळ्यांत कमजोर बाजू आहे. त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

आधी लोहाचेच घेऊ. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ९१ ग्रॅम पाणी असते आणि लोह २.७ मिलिग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यातही ते तीनच्या आतच आहे. त्याच संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. म्हणजे १०० ग्रॅम पालकातून बाईची गरज कागदावर दहा टक्के भागली. कागदावर म्हणते, कारण वनस्पतीतले लोह मांस-मासळीतल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. त्यातला थोडाच वाटा रक्तापर्यंत पोचतो. आता शेजारी सरकारी दवाखान्यातली गरोदरपणाची लाल गोळी ठेवा: तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आहे. रक्तक्षय झालेल्या बाईला गोळी बंद करून पालकावर ठेवणे किती अन्यायाचे आहे ते यावरून कळावे.

पालक लोहाचा राजा का समजला गेला, याची एक गोष्ट सगळीकडे फिरते: एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले आणि आकडा दहापट झाला. ती गोष्टसुद्धा कच्ची आहे. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा तिला आधार सापडला नाही. आणि चित्रकथेतला तो पालक खाणारा खलाशी पॉपाय १९३०च्या दशकात स्वतः सांगतो की पालकात अ जीवनसत्त्व आहे. लोह त्याला आपण चिकटवले.

पालकाचे बळ कुठे आहे? फोलेट (ब गटातले जीवनसत्त्व; फोलिक ॲसिडच्या गोळीत त्याचेच कृत्रिम रूप असते), के जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व शरीरात तयार करणारे बीटा कॅरोटिन, डोळ्यांच्या पडद्याला लागणारे ल्युटिन, आणि मॅग्नेशियम. १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात फोलेट १९० मायक्रोग्रॅमच्या घरात (आपल्याकडच्या तक्त्यात थोडे कमी, १४०च्या आसपास), के जीवनसत्त्व ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. मॅग्नेशियम ७९ मिलिग्रॅम, पोटॅशियम ५५८. आणि हे सगळे फक्त २३ कॅलरींत.

कॅल्शियमचे मात्र लोहासारखेच. १०० ग्रॅममध्ये ९९ मिलिग्रॅम लिहिलेले असते, पण पालकातल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्याने ते जखडून ठेवलेले असते. माणसांवर मोजले तेव्हा पालकातले सुमारे ५ टक्के कॅल्शियम शोषले गेले, दुधातले पंचवीस टक्क्यांहून अधिक. हाडांसाठी पालकाच्या भरवशावर राहू नका.

तुमच्याकडे काय सांगतात, काय करतात, ते लिहा. शंका असतील तर विचारा.

---

सत्तरीकर

ताई, चांगला विषय काढलात. माझा एक जुना आक्षेप आहे. आपल्या गोव्यात पालक कधीपासून आला? आमच्या वाळपईच्या घरी लहानपणी तांबडी भाजी, मायाळू, अळू, शेवग्याचा पाला, पावसात तायकिळो (टाकळा) आणि कुडुकेची भाजी. पालक हा बेळगावहून चोर्ला घाट उतरून येतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर आणि बाजारात जो दिसतो त्यातला बराच तिकडचा. दारात शेवगा उभा असताना आपण घाटावरच्या जुडीसाठी रांग का लावायची? तुमच्या तक्त्यात आमच्या पाल्यांचे आकडे काय म्हणतात तेही सांगा.

---

हिरवापाला (म्हापसा)

सत्तरीकर दादा, तुमचा आक्षेप मला पूर्ण पटतो.

त्याच २०१७च्या भारतीय तक्त्यात शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला लोह साडेचार मिलिग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर आहे. पालकाचे कॅल्शियम तिथे ८२ आहे. तांबड्या माठाचे, म्हणजे आपल्या तांबड्या भाजीचे, लोह पालकाच्या दुपटीहून अधिक आणि कॅल्शियम २४५च्या आसपास. शेवग्यात क जीवनसत्त्वही पालकाच्या तिपटीहून जास्त. लोह आणि कॅल्शियम हे दोनच निकष लावले तर दारातला शेवगा पालकाला केव्हाच मागे टाकतो.

फक्त एक लक्षात ठेवा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत. शेवग्याचा पाला हलका आणि चवीला कडवट, एका माणसाच्या पानात तो मूठभरच येतो. पालक शिजून आळतो, त्यामुळे जुडीभर सहज पोटात जातो. पानात प्रत्यक्ष किती पडते त्यावर बरेच अवलंबून आहे.

---

मळेकार (ताळगाव)

थोडे शेतीच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत नेहमी राहून जाणारी एक गोष्ट आहे.

आपण बाजारात पालक म्हणून जी जुडी घेतो, तिच्यात दोन वेगळ्या वनस्पती असू शकतात. एक खरा विलायती पालक, स्पिनेशिया ओलेरेसिया. इराणकडून जगभर पसरलेला, थंडीत वाढणारा. दिवस मोठा झाला, ऊन तापले की लगेच फुलावर जातो. दुसरा आपला देशी पालक, तो बीटच्या जातीतला आहे, बीटा व्हल्गारिस बेंगालेन्सिस. पाने मोठी, गुळगुळीत, जाड देठाची. ऑल ग्रीन, पुसा ज्योती ही बियाणे याच देशी पालकाची. उष्णता थोडी जास्त सोसतो आणि कापला की पुन्हा फुटतो, म्हणून शेतकऱ्याला परवडतो. आपल्या बाजारात याचेच प्रमाण मोठे.

म्हणून परदेशी संकेतस्थळावरचे पालकाचे आकडे घेऊन आपल्या जुडीला तंतोतंत लावू नयेत. स्वभाव सारखा, पण वनस्पती वेगळी.

आणखी एक. विलायती पालक, देशी पालक, बीट आणि तांबडी भाजी हे सगळे एकाच कुळातले, राजगिऱ्याच्या कुळातले. त्यामुळे ऑक्झॅलेट जास्त असणे हा या सगळ्या घराण्याचाच गुण. पालकाला नावे ठेवून तांबडी भाजी निर्धोक ठरत नाही. मुतखडेवाल्यांनी दोन्ही बेताने खावे.

आमच्याकडे पाऊस सरला की वाफे तयार होतात. पालक पेरला की महिनाभरात पहिली कापणी, मग पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. मागणी मात्र तांबड्या भाजीलाच जास्त, आणि त्याचा मला आनंदच आहे.

---

पेडण्याची_लेक

हिरवापालाताई, आम्ही बाळाचा विचार करतो आहोत. डॉक्टरांनी आधीपासूनच फोलिक ॲसिडची गोळी सुरू करायला सांगितली आहे. सासूबाई म्हणतात, गोळ्या कशाला, रोज पालक खा, त्यात तेच असते. त्या खूप काळजी घेतात माझी, त्यांना दुखवायचे नाही. खरे काय सांगू?

---

हिरवापाला (म्हापसा)

बाय, दोन्ही घे. सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबरच आहे, पालकात फोलेट भरपूर आहे. पण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून होतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून गोळी आधीपासून. रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड ही सर्वमान्य मात्रा आहे आणि ते गोळीतून खात्रीने मिळते. पालकातले फोलेट नाजूक असते: पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि साठवणीत कमी होते. पाण्यात उकडून पाणी फेकले तर सुमारे निम्मे जाते. वाफेवर शिजवले तर जवळपास सगळे टिकते.

सासूबाईंना सांग, भाजी तुमच्या हातची, गोळी डॉक्टरांची. त्यांना भाजी वाफेवर करायला सांगितलेस तर त्यांचाही मान राहील आणि भाजीतले फोलेटही.

या फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८च्या सुमारास मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांत एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले आणि १९३१मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, १९४१मध्ये, अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालकातून ते द्रव्य वेगळे काढले. ज्या द्रव्यामुळे पालकाला विज्ञानाच्या इतिहासात जागा मिळाली ते लोह नव्हे, फोलेट. मुंबईच्या त्या गिरणी कामगार बायकांची आठवण म्हणून तरी हे आपल्या घरांत पोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

---

फोंडेकर६२

> पाण्यात उकडून पाणी फेकले तर सुमारे निम्मे जाते

इथे माझी अडचण. मला मुतखड्याचा त्रास झालेला आहे, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. मला सांगितले गेले की पालक खायचाच असेल तर उकडून पाणी फेकून द्या. तुम्ही म्हणता पाणी फेकू नका. मग करायचे काय?

आणि दुसरे, खडा झाल्यापासून मी दूधही सोडले, कॅल्शियम नको म्हणून. ते बरोबर ना?

---

हिरवापाला (म्हापसा)

काका, दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या माणसांसाठी. विरघळणारे ऑक्झॅलेट आणि फोलेट दोघेही पाण्यातच उतरतात. एकाला घालवायला गेलात की दुसरेही जाते. ज्याला खड्याची प्रवृत्ती आहे त्याने भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटे उकळून, पिळून, पाणी फेकून द्यावे. फोलेट मूग-चवळीसारख्या डाळी-कडधान्यांतून मिळते. निरोगी माणसाने, विशेषतः गरोदर बाईने, वाफेवर किंवा अंगच्या पाण्यात शिजवावे. बहुतेक घरांत दोन्ही प्रकारची माणसे एका पंगतीला बसतात, त्यामुळे थोडी ओढाताण होणारच. तिथे मी तुमच्यासाठी वेगळी पालेभाजी सुचवीन, उदाहरणार्थ मेथी किंवा कोबी. दोन्हींत ऑक्झॅलेट पालकापेक्षा पुष्कळ कमी.

दुधाचे मात्र उलट आहे. कॅल्शियम सोडू नका. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरते आणि ते विष्ठेवाटे निघून जाते. जेवणात कॅल्शियम नसले तर ऑक्झॅलेट मोकळेपणी रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जाते. म्हणून पालक खाल तेव्हा सोबत दही किंवा ताक घ्या. ताकातला पालक ही आपली जुनी रीत इथे अगदी नेमकी बसते. पाणी भरपूर प्या, गोव्याच्या घामात तर जास्तच. औषधे चालू असतील तर तुमच्या मूत्रविकारतज्ज्ञांना हे विचारून घ्या.

---

काणकोणचा_बाबू

ऑक्झॅलेटवर बोलणे आलेच आहे तर आपल्या परसातली दोन आंबट फळांची झाडे विसरू नका: बिंबल (बिलिंबी) आणि करमल (स्टारफ्रूट). बिंबलांच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल फार असते. कोलेस्टेरॉल उतरते म्हणून केरळात काहींनी त्याचा रस पेलाभर प्यायला आणि मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. करमल मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातकच, मेंदूवर परिणाम होतो. माशाच्या आमटीत दोन बिंबले टाकणे वेगळे आणि रस काढून पिणे वेगळे.

हल्ली सकाळी कच्च्या पालकाचा हिरवा ज्यूस प्यायची जी पद्धत आली आहे, तिलाही हेच लागू. रोज मोठाले पेले पिऊन मूत्रपिंड बिघडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. भाजी खा, रस कशाला काढायचा?

---

हिरवापाला (म्हापसा)

शंभर टक्के सहमत. विशेषतः मधुमेह असलेल्यांनी आणि क्रिएटिनिन वाढलेल्यांनी (म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्यांनी) हा ज्यूस टाळावा. त्यांना पोटॅशियमचाही प्रश्न असतो.

---

शीतकडी

सोलकढीतल्या आंबटाने लोह अंगी लागते असे ऐकले आहे. पालकाच्या भाजीसोबत सोलकढी घेतली तर चालेल ना? आणि पालक-पनीर एकत्र खाऊ नये म्हणतात ते खरे का? मुलांना तेवढेच आवडते हो.

---

हिरवापाला (म्हापसा)

सोलकढी जरूर घ्या, पचनाला आणि जिवाला बरी. पण तिचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा, क जीवनसत्त्वाचा नव्हे. लोहासाठी भरवसा लिंबू, आवळा, पेरू यांवर ठेवा. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा. शिजताना घातले तर क जीवनसत्त्व जातेच, शिवाय आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटून पाला काळपट होतो. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालणाऱ्यांनीही थांबावे, त्याने क आणि बी-१ ही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

पालक-पनीरचा गुन्हा फार मोठा करून सांगितला जातो. एकाच जेवणात कॅल्शियम जास्त असले तर लोहाचे शोषण थोडे घटते हे खरे, पण रोजच्या मिश्र आहारात दीर्घकाळ पाहिले तर हा परिणाम लहान ठरतो. उलट पनीरचे कॅल्शियम पालकाच्या ऑक्झॅलेटला धरून ठेवते. मूल पालक खाते आहे, पनीरचे प्रथिन मिळते आहे, खाऊ द्या. ज्याला खरोखर लोह कमी आहे त्याने लोहाचा मुख्य स्रोत वेगळ्या जेवणात ठेवावा, इतकेच.

ऑक्झॅलेट लोहालाही अडवते असे सगळीकडे लिहिलेले असते. माणसांवरच्या चाचण्यांत ते तसे दिसले नाही. पालकातली पॉलिफेनॉल (चहातही असतात ती वनस्पतिद्रव्ये) अधिक जबाबदार वाटतात. याच पॉलिफेनॉलसाठी जेवणावर लगेच चहा घेऊ नका. जेवणासोबतच्या चहाने लोहाचे शोषण निम्म्याहून खाली येते. आपल्याकडे दुपारच्या शीतकडीनंतर (भात-आमटीनंतर) तासाभराने चहा ठेवला तरी पुष्कळ.

---

निस्त्याचो_मोगी

म्हणजे आम्हा मासेखाऊंना काही फायदा आहे का? आमच्याकडे तांबड्या भाजीत सुंगटां (कोळंबी) पडतात.

---

हिरवापाला (म्हापसा)

आहे, आणि चांगला आहे. मांस-मासळी त्याच जेवणात असेल तर भाजी-भातातले लोहही जास्त शोषले जाते. म्हणून सुंगटां घातलेली तांबडी भाजी, किंवा पालकाची सुकी भाजी आणि शेजारी हुमण (माशाची आमटी), हे आपले साधे ताट या हिशेबात फार उजवे आहे. वर खोवलेला नारळ घालतो त्याचाही उपयोग: बीटा कॅरोटिन, ल्युटिन आणि के जीवनसत्त्व ही सगळी स्निग्धात विरघळणारी द्रव्ये. चमचाभर तेल-नारळाशिवाय कच्चा पाला चावून ती फारशी मिळत नाहीत. शिजवल्याने पेशी फुटतात आणि कॅरोटिन मोकळे होते.

शाकाहारी घरांनी लिंबू आणि मोड आलेली कडधान्ये यांवर जोर द्यावा.

---

तंत्रज्ञ_निवृत्त

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत रक्त तपासले, म्हणून थोडे लिहितो. 'रक्त कमी' याचा अर्थ प्रत्येक वेळी लोह कमी असा नसतो. हिमोग्लोबिनचा आकडा फक्त तीव्रता सांगतो, कारण सांगत नाही. लोहाचा साठा रक्तातल्या फेरिटिन या प्रथिनाच्या तपासणीवरून कळतो. शाकाहारी माणसांत ब-१२ची कमतरता खूप दिसते, आणि ब-१२ पालकात अजिबात नाही, कुठल्याच पाल्यात नाही. त्यातून नुसते फोलेट भरपूर घेत राहिले तर रक्ताचे चित्र सुधारल्यासारखे वाटते आणि ब-१२च्या अभावाने नसांचे होणारे नुकसान आत चालूच राहते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेल्यांत हिमोग्लोबिन थोडे कमीच असते, त्यांना लोह देऊन उपयोग नसतो. पाळीचा जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जंत ही कारणे तर नेहमीची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के. आपण देशापेक्षा बरे म्हणून समाधान मानू नये, कारण त्याआधीच्या पाहणीत आपला आकडा ३१च्या आसपास होता. म्हणजे वाढला आहे. पाहुण्यांनी कौतुक करावे असे ताट असलेल्या राज्यात दहातल्या चार बायका रक्तक्षयी आहेत, हे मला फार लागते. आधी तपासणी, मग उपचार, आणि पालेभाजी दोन्ही वेळी.

---

हिरवापाला (म्हापसा)

काका, मनापासून आभार. हे मी लिहिले असते तर इतक्या अधिकाराने लिहिता आले नसते. घरातल्या पुरुषांना आणि मुलांना वाढून उरले ते बाईने खायचे ही रीत आपल्याकडेही पुरती गेलेली नाही. पालकाच्या जुडीतली भाजी आधी कुणाच्या पानात जाते हेही या ३९ टक्क्यांत मोजले गेलेले असते.

---

वडिलांसाठी

माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप बदलली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. रुग्णालयातून घरी सोडताना एकाने घाईघाईत सांगितले, "हिरवी भाजी बंद." तेव्हापासून त्यांच्या पानात पाला नाही. भाजीशिवाय त्यांचे जेवण होत नाही, खिन्न झालेत. खरोखर जन्मभर बंद का?

---

हिरवापाला (म्हापसा)

गोळी कोणती ते आधी बघा. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल असेल तर ती के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. पालकात के भरपूर, म्हणून आज अजिबात नाही आणि उद्या दोन वाट्या असे झाले की रक्ताचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खालीवर होतो, आणि झडप बदललेल्या माणसात ते धोक्याचे आहे. म्हणून सर्वसाधारण सल्ला प्रमाण रोज सारखे ठेवण्याचा असतो, पाला कायमचा तोडण्याचा नव्हे. पण आता बरेच दिवस बंद असताना तुम्ही आपल्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांना सांगा की आम्हाला दिवसाआड वाटीभर पालेभाजी द्यायची आहे. ते त्याप्रमाणे गोळीची मात्रा बसवतील आणि सुरुवातीला तपासणी जवळजवळ करतील. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांना के जीवनसत्त्वाचे बंधन नसते, पण कृत्रिम धातूच्या झडपेला त्या सहसा चालत नाहीत.

वडिलांना भाजी परत मिळू शकते असे नक्की सांगा.

---

वडिलांसाठी

ताई, पुढच्या तपासणीला हेच विचारतो. बाबांना आत्ताच सांगितले, चेहरा फुलला.

---

सांखळीची_आई

बाळ सात महिन्यांचे आहे. पालकाचे पाणी, पालकाची पेज चालते का? रात्रीची भाजी सकाळी देऊ नये म्हणतात, ते पण सांगा.

---

हिरवापाला (म्हापसा)

सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ शिजवलेला पालक पेजेत किंवा मऊ भातात कालवून थोडा थोडा द्या, पण आठवड्यात एक-दोनदाच, इतर भाज्यांच्या आळीपाळीने. पालकाचे नुसते पाणी देऊ नका. त्यात नायट्रेट आणि ऑक्झॅलेट उतरलेले असते आणि पोट भरण्यापलीकडे फार काही मिळत नाही.

शिळ्याचे कारण खरे आहे. पालकात नायट्रेट असते. शिजवलेली भाजी उबदार जागी राहिली की जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि ते लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करू शकते. म्हणून बाळासाठी ताजेच करा. मोठ्यांनी उरलेली भाजी निवली की लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नीट गरम करून खाल्ली तर भिण्याचे कारण नाही.

---

मळेकार (ताळगाव)

साठवणीवर एक भर. पाला कापल्यापासूनच उतरणीला लागतो. मोजून पाहिलेल्या एका अभ्यासात फ्रीजच्या ४ अंशांतही आठ दिवसांत पालकातले जवळजवळ निम्मे फोलेट गेले. २० अंशांत तेवढेच जायला चार दिवस पुरले. आपल्या गोव्यात दुपारी बाजारातले तापमान तीसच्या वर. घाटापलीकडून आलेली, दिवसभर पाणी शिंपडून ताजी ठेवलेली जुडी आणि सकाळी वाफ्यातून काढलेली जुडी यांत फरक पडणारच. त्यामुळे सत्तरीकरांचे म्हणणे पोषणाच्या अंगानेही खरे ठरते. पिवळी पाने असलेली जुडी घेऊ नका, धुऊन मग चिरा, चिरून धुऊ नका.

---

सत्तरीकर

मळेकार, हे वाचून बरे वाटले. मग पालक घरच्या परसात लावायचा तर कधी आणि कसा?

---

मळेकार (ताळगाव)

पावसाने पाठ फिरवली की, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. देशी पालकाचे बी घ्या, ऑल ग्रीन चालेल. बी रात्रभर पाण्यात भिजवून बोटभर अंतराने ओळीत पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. शेणखत भरपूर, युरिया नको; जास्त नत्राने पाल्यात नायट्रेट वाढते, आणि वरच्या बाळाच्या आईने ते वाचलेच आहे. सकाळचे ऊन मिळेल, दुपारी थोडी सावली असेल अशी जागा निवडा. कुंडीतही होतो, वीतभर खोल माती पुरते. कापताना बाहेरची पाने काढा, मधला कोंब ठेवा. शेजारच्या वाफ्यात तांबडी भाजी टाका. फेब्रुवारीच्या उन्हात पालक आटोपला तरी ती पुढे चालू राहते.

---

पेडण्याची_लेक

सासूबाईंना ल्युसी विल्सची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी चार टन पालक किती जुड्या होतील याचा हिशेब मांडला आणि म्हणाल्या, गोळी घे बाई, आणि वाफेवर कशी करायची ते विचार त्या ताईंना. कुकरमध्ये शिट्टी काढली तर चालेल का?

---

हिरवापाला (म्हापसा)

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. कुकर नको, पालकाला शिट्टीइतकी आच लागत नाही. कढईत चमचाभर खोबरेल तेल, मोहरी, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, थोडा कांदा. धुतलेला पाला निथळून मोठा चिरून टाका, पाणी घालू नका, धुतल्याचे अंगावर राहते तेवढे पुरे. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे. पाला बसला की मीठ, मूठभर ओला नारळ, गॅस बंद. पानात वाढताना लिंबू. लोखंडी कढई असेल तर तीच वापरा, थोडे लोह भाजीत उतरते. पण भाजी तयार झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडेल. सोबत भिजवलेली मूगडाळ टाकलीत तर सासूबाईंच्या भाजीत फोलेट आणखी वाढेल.